दिवाणांच्या कानाचा पाळणा

“...म्हणजे तुम्हाला ठाऊक आहे, पण सांगायचं नाही. असंच ना महाराज?”

फौजदार गुणाजीरावांनी हे तिसऱ्यांदा विचारलं.

निर्मळपुरी महाराज मांडीवरच्या कमंडलूला गेलेली चीर बघत होते. बोटांत मेणाचा गोळा मळणं चालू होतं. त्यातलं चिमूटभर त्यांनी चिरेत भरलं, अंगठ्यानं दाबलं, कमंडलू उन्हाकडे धरून पाहिला.

मग आणखी चिमूटभर मेण भरलं.

महाराजांच्या मागे त्यांचा शिष्य त्रिंबक पंतोजी उभा होता. उभा होता म्हणायचं एवढंच. खरा भार मागच्या खांबावर होता. कारण फौजदारांना ज्या माणसाचं नाव हवं होतं, तो माणूस त्यांच्यासमोर चार हातांवर उपरण्यानं घाम पुसत होता.

हिवरगड संस्थानच्या दिवाणसाहेबांना ऐकण्याचा नाद लागला होता. कागदोपत्री त्या खात्याचं नाव बातमी दप्तर. लोक त्याला कानखातं म्हणत. न्हावी ऐकत होता, पाणक्या ऐकत होता, बांगड्या भरणारा कासार मनगट धरून ऐकत होता. दिवाणसाहेबांनी म्हणे शंभर पोपटसुद्धा दप्तरात नोंदवून घरोघरी वाटले. पण ते पोपट लोकांच्या घरी बसून दिवाणसाहेबांचंच खासगी बोलणं बोलून दाखवू लागले, तेव्हा त्यांना परत बोलावण्यात आलं.

लोकांनी बोलणंच सोडलं. नवरा-बायको भांडायचे ते उखळात मुसळ घालून, म्हणजे आवाज दबे. लग्नाची बोलणी हातवाऱ्यांनी होऊ लागली आणि दोन गावांत नवरदेव भलत्याच मुलींच्या गळ्यात माळ घालून मोकळे झाले.

बोलायला एकच जागा उरली होती. महाराजांची घोंगडी.

मठाची ती जुनी रीत. दर गुरुवारी सकाळी ओट्यावर दोरी बांधून काळी घोंगडी टांगायची. पलीकडे महाराज बसत, अलीकडे ज्याला मन मोकळं करायचं तो. पोटात असेल ते बोलायचं. बोलून झालं की घोंगडीखालून महाराजांचा हात यायचा, चिमूटभर अंगारा ठेवायचा आणि परत जायचा. उपदेश नाही, प्रायश्चित्त नाही, ‘तू कोण’ हा प्रश्नही नाही. लोक याला ओझं उतरवणं म्हणत. डोंगर चढून येणारी माणसं उतरताना खरोखरच उड्या मारत उतरत.

त्रिंबक बारा वर्षं मठात होता. खालच्या गावात पोरांना पाढे शिकवायचा आणि उरलेल्या वेळात, आपल्यासारखा कवी संस्थानात दुसरा नाही, हे स्वतःला शिकवायचा. त्यानं दिवाणसाहेबांच्या कानावर पाळणा रचला. दोन कडवी पाणवठ्याच्या भिंतीवर कोळशानं लिहून पळून आला.

नीज रे काना, दमलास फार,
हिंडून आलास दारोदार...

आठ दिवसांत संस्थानातलं प्रत्येक तान्हं पोर त्यावर झोपू लागलं. कानखात्याची पंचाईत झाली. पोराला निजवणाऱ्या बाईला पकडायचं तरी कुठल्या कलमाखाली?

पंचाईत त्रिंबकचीही झाली. सगळं राज्य आपलं गातंय आणि आपलं नाव कोणालाच ठाऊक नाही, हे दुःख त्याला सोसेना. शेवटी आषाढातल्या एका गुरुवारी तो घोंगडीमागे बसला. पाळणा माझा, म्हणाला. म्हणूनही दाखवला. एवढ्यावर थांबला असता तरी चाललं असतं. पण त्यानं तिसरं कडवंही म्हटलं. ते इतकं जहाल होतं, की भिंतीवर लिहायची त्याची छाती झाली नव्हती. ते कोणाच्याच कानावर पडलेलं नव्हतं. वर त्यातल्या यमकाची खुबी समजावून सांगितली, दोनदा.

घोंगडीखालून हात आला होता. अंगारा ठेवून परत गेला होता...

आणि आता फाल्गुनाच्या भर दुपारी फौजदार दारात. सोबत लेखणी सरसावलेला कारकून. पाळणा रचणाऱ्याला दिवाणसाहेब किल्ल्याच्या तळघरात घालणार होते.

“सगळं संस्थान इथं ओझं उतरवतं,” गुणाजीराव म्हणाले. “तोही आला असणारच. धुनीवर हात ठेवा आणि नाव सांगा. एवढंच नाही, आजवर इथं कोण काय बोललं, तेही हा लिहून घेईल.”

त्रिंबकनं डोळे मिटले. महाराज खोटं बोलत नसत, हीच तर अडचण होती. एकदा एका यजमानानं मोठ्या कौतुकानं भाकरी कशी झाली म्हणून विचारलं, तर महाराज म्हणाले, करपली. भाकरी यजमानीणबाईंनी केली होती आणि त्या शेजारीच उभ्या होत्या.

“कशासाठी हवं आहे हे सगळं?” महाराजांनी विचारलं.

“राज्याच्या भल्यासाठी. आणि महाराज, ज्यानं काही वावगं केलं नाही, त्याचं कोणी ऐकलं तर बिघडतं काय?”

महाराजांनी कमंडलू खाली ठेवला.

“भाद्रपदात तू इथं आला होतास, गुणाजी.”

“आलो होतो. दर्शनाला.”

“घोडा ओढ्यापलीकडे करवंदीच्या जाळीत का बांधला होतास?”

फौजदारांनी मिशीवरचा हात खाली घेतला.

कारकुनाची लेखणी थांबली. “साहेब, हे लिहायचं का?”

“घोड्याला पाणी दाखवून आण.”

“आत्ताच पाजलंय साहेब.”

“पुन्हा दाखव.”

कारकून कागद गुंडाळून ओढ्याकडे उतरला. तो वळणाआड होईपर्यंत फौजदार त्याच्या पाठीकडे बघत राहिले. मग ते ओट्याच्या कडेवर टेकले. बोलले तेव्हा आवाज निराळाच होता. दुसऱ्याचं नाव विचारणाऱ्याचा तो आवाज नव्हता. वैद्याकडे स्वतःचं दुखणं घेऊन आलेल्या माणसाचा होता.

“महाराज... घोंगडीपलीकडून तुम्हाला सगळं... म्हणजे सगळंच ऐकू येतं का?”

महाराजांनी हातातल्या मेणाच्या गोळ्याचे दोन तुकडे केले. त्यांच्या गोळ्या वळून फौजदारांपुढे धरल्या.

“कानात घाल,” ते म्हणाले. “माझ्या जागी जाऊन बस. मग तूच सांग.”

फौजदार त्या गोळ्यांकडे बघत राहिले. हळूहळू त्यांच्या तोंडावर उजेड पडत गेला. “असं आहे होय,” ते पुटपुटले. “असं आहे होय...”

महाराजांनी दोरी बांधायला घेतली.

घोंगडी टांगली गेली. फौजदारांनी पागोटं काढलं, मेण कानांत दाबून बसवलं, पलीकडे जाऊन बसले. घोंगडीखाली त्यांची नुसती पावलं दिसत होती.

“त्रिंबक,” महाराज म्हणाले, “याला ऐकू आलं तर हा ताडकन उठेल, असं काहीतरी म्हण. मोठ्यानं.”

त्रिंबकनं मनातल्या मनात रामरक्षा चाचपली, तेराचा पाढा चाचपला. त्यानं फौजदार कशाला उठतील? फौजदारांना उठवील अशी एकच गोष्ट त्याच्यापाशी होती. आणि मेण कुठं जरा सैल असलं, तर त्या गोष्टीचा शेवट तळघरात होता.

त्यानं महाराजांकडे पाहिलं. महाराज धुनीतली राख सारखी करत होते.

पळून जावं असं त्याला वाटलं. मग वाटलं, पळून तरी कुठं जायचं? संस्थानभर कान. निदान इथं समोरच्या दोन कानांत मेण तरी आहे.

तो अलीकडे बसला. आवाज आधी चिरकला, मग खुलला. पहिलं कडवं झालं. पावलं हलली नाहीत. दुसरं झालं. तशीच. त्रिंबकला धीर आला. धीर आला आणि त्याच्यातला कवी जागा झाला. हात हलवत, मान डोलावत त्यानं तिसरं कडवं सोडलं. शेवटच्या ओळीतला मूळचा शब्द ऐन वेळी त्याला फारच मवाळ वाटला. तो त्यानं म्हणता म्हणता बदलला.

सासूचं ऐकलंस, सुनेचं ऐकलंस,
न्हाणीत सांडल्या पाण्याचं ऐकलंस;
एकच ऐकायचं राहून गेलं,
राज्य हे खदखदा हसून गेलं.

घोंगडीपलीकडून कोणी ताडकन उठलं नाही.

घोंगडीखाली फौजदारांच्या उजव्या पायाचा अंगठा मात्र ठेका धरल्यासारखा वरखाली होत होता. त्रिंबकला तो दिसला. मुंगी चढली असेल, असं त्यानं स्वतःला सांगितलं. ते स्वतःला पटेपर्यंत दहा वेळा सांगितलं.

घोंगडी बाजूला झाली. फौजदार उभे राहिले. कानांतलं मेण काढून त्यांनी महाराजांच्या ओंजळीत ठेवलं, पागोटं चढवलं.

“काय ऐकलंस?” महाराजांनी विचारलं.

गुणाजीरावांनी त्रिंबककडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

“काही नाही,” ते म्हणाले. “पंतोजी तोंड उघडत होते एवढंच कळलं. तेसुद्धा घोंगडीमुळे दिसलं नाही.”

कारकून परत आला तेव्हा त्यांनी उभ्या उभ्याच मजकूर सांगितला. मठाची जातीनं तपासणी केली. घोंगडीपलीकडे बसणाऱ्यास काहीही ऐकू येत नाही, हे स्वतः बसून पाहिलं. सबब इथं विचारपूस करण्यात हशील नाही. खाली सही केली, महाराजांच्या पायांवर डोकं ठेवलं, आणि उतरताना, एवढा अंगानं भरलेला माणूस, पण दोन दोन दगड ओलांडत गेला.

टापांचा आवाज विरला तसा त्रिंबक ओट्यावर बसकण मारून हसू लागला. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं. त्यानं स्वतःची मान दोन्ही हातांनी चाचपून पाहिली. जागेवर होती. मठाचं पिंपळाचं झाड, धुनी, ओढा, सगळंच त्याला आज कोणीतरी नव्यानं आणून ठेवल्यासारखं वाटलं.

मग हसू हळूहळू ओसरलं. कुठंतरी एक काटा सलू लागला.

“महाराज,” तो म्हणाला, “बारा वर्षं मी बघतोय, इथं माणसं येतात. रडतात. घरी बायकोला सांगितलं नाही ते तुम्हाला सांगतात.”

महाराज मेणाच्या गोळीला चिकटलेला फौजदारांचा केस सोडवत होते.

“आणि तुम्ही पलीकडे कान बंद करून बसता?”

महाराजांनी मेण कमंडलूच्या चिरेत भरलं.

त्रिंबकचा आवाज खाली आला. “माझंसुद्धा... माझंसुद्धा ऐकलं नाहीत?”

महाराजांनी कमंडलूत पाणी ओतलं. वर धरला. बुडाकडे निरखून पाहिलं. थेंबही गळत नव्हता.

“आषाढात तुझं राज्य गालातल्या गालात हसलं होतं,” ते म्हणाले. “तेच बरं होतं.”