तळवशाचं थेटर गप्प का बसतं

तळवशाच्या थेटरात परगावचा माणूस पहिल्यांदा सिनेमाला बसला की मध्यंतरानंतर हमखास फसतो. लोक चहा पिऊन, शेंगांच्या पुड्या घेऊन जागेवर येतात, दिवे मालवायची वेळ होते, आणि नेमके तेव्हा पंखे थांबतात. छतावरच्या भोंग्यातलं गाणं मध्येच बंद पडतं. घाटाच्या बाजूची तिन्ही दारं कुणीतरी सताड उघडतं आणि चारशे माणसं एकदम गप्प होतात. पाहुण्याला वाटतं, वीज गेली. तो शिट्टी मारायला बोटं तोंडात घालतो, तर शेजारचा म्हातारा त्याचा हात धरून खाली ओढतो. तो काही समजावत नाही, नुसता डोळे वटारतो. समजावायचं ते खेळ सुटल्यावर, बाहेर पारावर.

पारावर जी हकीकत सांगतात ती अशी. सांगणारा ज्याचा त्याचा मीठमसाला लावतो, पण डाळ तीच असते.

सिनेमा पत्र्याच्या डब्यांतून यायचा, त्या काळची गोष्ट. मांजरखिंडीच्या घाटाच्या अलीकडे आमचं तळवसे, पलीकडे रेठवण. दोन्ही गावांत थेटर, पण सिनेमा दोघांत मिळून एकच यायचा. रेठवणला दुपारी बाराचा खेळ लागे आणि तळवशाला तीनचा. रेठवणला मध्यंतर झालं की अर्ध्या सिनेमाचे डबे सायकलीला बांधून घाटावरून इकडे आणायचे. ते इथे टाकून माणूस परत जायचा आणि तिकडचा खेळ सुटला की उरलेला अर्धा घेऊन यायचा. इकडे मध्यंतर होईस्तोवर तो पोचला म्हणजे जमलं. हा सगळा खेळ एका माणसाच्या पोटऱ्यांवर चालायचा आणि तळवशात कुणी त्याचा विचार करत नव्हतं. लोकांना वाटे, सिनेमा केबिनमध्येच राहतो.

केबिनमध्ये राहायचा तो भैरू तांबट. भैरू ऑपरेटर. तांबटाच्या घरात जन्मून त्यानं हातोडी सोडली आणि मशीन धरलं, याचा बापाला राग होता आणि गावाला अभिमान. तेव्हाचं मशीन म्हणजे बटण दाबलं आणि झालं असं नव्हतं. कार्बनच्या दोन कांड्या समोरासमोर जळायच्या, त्यांच्या मधल्या जाळातून पडद्यावरचा उजेड निघायचा. त्या दर दोन-चार मिनिटांनी सरकवाव्या लागत, नाहीतर पडद्यावरची माणसं कावीळ झाल्यासारखी पिवळी पडत. वीस मिनिटांत रीळ संपे, तोवर दुसऱ्या मशीनवर पुढचं तयार पाहिजे. भैरूचा जन्म त्या दोन मशीनमधल्या चार पावलांत चालला होता. तीच चाल त्याच्या अंगात भिनली. घरी जेवायला मांडी घातली तरी त्याचा गुडघा हलत राही आणि वाटीतली आमटी हिंदकळे. देवळात कीर्तनाला बसला तर अर्ध्या अभंगाला उठून पायरीशी उभा राही. स्वस्थ बसणं त्याला ठाऊकच नव्हतं.

पण कामाला तो पक्का. खंडेनवमीला मशीनची पूजा करताना, असं सांगतात, त्यानं शपथ घेतली होती: चालू खेळ अर्धा टाकून केबिनखाली उतरलो, तर या हातांनी पुन्हा मशीन लावणार नाही. अकरा वर्षं त्यानं ती पाळली. बाप वारला त्या दिवशीसुद्धा खेळ संपवूनच तो घरी गेला म्हणे. यात कौतुक किती करायचं हा प्रश्नच आहे, पण त्या वेळी सगळ्यांनी केलं.

आणि सायकलवरून डबे आणायचा तो त्याचा धाकटा भाऊ केरबा. थोरला जितका तापट तितका हा थंड. घाट चढताना तो गाणी म्हणायचा. रेठवणला शेवटची रिळं चालू असताना दाराशी उभा राहून शेवट बघायचा, त्यामुळं सिनेमा कसा संपतो हे तळवशात सगळ्यांत आधी त्याला कळायचं, पण तो फोडायचा नाही.

एका शुक्रवारी केरबाला बारा मिनिटं उशीर झाला. लोकांनी शिट्ट्या मारल्या, दोन खुर्च्या मोडल्या. खेळ सुटल्यावर भैरू भावावर सगळ्यांदेखत ओरडला. "तुझ्यापरास बैलगाडी लावली असती तर आदी आली असती," असं म्हणाला.  केरबानं सायकल पुसली आणि तो घरी गेला.

पुढच्या शुक्रवारी नवा सिनेमा लागला. पहिला अर्धा वेळेवर आला. थेटर भरून वाहत होतं, बायकांच्या बाजूला तर पोरं मांडीवर घेऊन बाया दाटीवाटीनं बसल्या होत्या. सव्वाचारला मध्यंतर झालं आणि दुसरा अर्धा आलेला नव्हता.

भैरूनं भोंग्यावर गाणी लावली. केबिनला मागच्या अंगाला एक हातभर खिडकी होती, तिच्यातून घाटाचा रस्ता दिसे. भैरू मशीनपासून खिडकीशी, खिडकीपासून मशीनशी. रस्ता मोकळा होता. एक म्हैस वळणावर उभी होती, तीसुद्धा निघून गेली. तीन गाणी संपली. खाली पहिली शिट्टी वाजली, मग दहा, मग खुर्च्या आपटायला लागल्या.

तेव्हा भैरूनं जाहिरातींचा माइक उचलला आणि पुढची गोष्ट स्वतःच सांगायला सुरुवात केली.

त्याला ती कुठं माहीत होती? सिनेमा नवा, पुढचा अर्धा त्यानं पाहिलेलाच नाही. शिवाय ऑपरेटर सिनेमा बघतो ही समजूतच चुकीची, तो उजेड बघतो. पण शपथ होती, खाली उतरायचं नव्हतं आणि लोक पांगू द्यायचे नव्हते. पडद्यावर हिरो घर सोडून निघाला होता, तिथून भैरूनं त्याला उचललं आणि जंगलात नेलं. जंगलात साप घातला. सापामागून विहीर आली, हिरो विहिरीत उतरला आणि काही केल्या वर येईना. लोक आधी हसले, मग रमले. खिडकीतून रस्ता बघत बघत भैरू बोलत होता. रस्ता रिकामा दिसला की तो विहीर आणखी दोन पायऱ्या खोल करायचा. छतावरचा भोंगा चालूच राहिला होता, तेव्हा रस्त्यावरची माणसंही थांबून ऐकत होती.  आतून काहीतरी त्याला सांगत होतं की केरबाला उशीर झालेला नाही, केरबाला काहीतरी झालंय. ते ऐकू येऊ नये म्हणून तो आणखी मोठ्यानं बोलत होता.

असं चाळीस मिनिटं चाललं.

बायकांच्या बाजूला तान्हुबाई कासारीण बसली होती. बांगड्या भरताना साऱ्या गावाच्या लेकीबाळींचे हात तिच्या हातून गेलेले, तेव्हा तिला कुणाची भीड नव्हती. ती उठली, पडद्याकडं पाठ करून केबिनकडं तोंड केलं आणि म्हणाली, "भैरू, गोष्ट र्‍हाऊ दे. ते डबं आणतंय कोण?"

भैरू थांबला. माइकमधून आवाज आला, "केरबा."

"कोण केरबा?"

"माझा भाऊ."

"मग तू हितं काय करतुयास?"

 मग केबिनच्या लोखंडी जिन्यावर पावलं वाजली. अकरा वर्षांत पहिल्यांदा भैरू ऑपरेटर चालू खेळ टाकून खाली उतरला आणि दाराबाहेर पळत सुटला. त्याच्यामागं तान्हुबाई निघाली, आणि तिच्यामागं सगळं थेटर.

घाटाच्या तिसऱ्या वळणाखाली शेळ्यांची एक आडवाट होती. रस्त्यापेक्षा पाव तास जवळची, पण सायकल नेण्यासारखी नाही, आणि वेळ वाचवायला केरबा तिनंच उतरला होता. उन्हं उतरत होती म्हणून बरं झालं. खालच्या ओढ्यात डब्यांचा पत्रा चमकला, तो एका बाईला दिसला. केरबा धोंड्याखाली पाय अडकून पडला होता. शुद्धीत होता, पण घसा पार बसला होता, तोंडातून नुसती हवा येत होती. पायाखालची वाळू लाल झाली होती. भैरूनं त्याला पाठीवर घेतलं. कुणाच्या हाताला तो दिला नाही.

तालुक्याच्या डॉक्टरनं पाय गुडघ्याखाली काढला. "अर्धा तास आधी आणला असता तर राहिला असता," असं तो सहज बोलून गेला म्हणे. त्याला काय ठाऊक. भैरू तिथंच भिंतीला टेकून उभा होता, आणि त्या दिवशी त्याचा पाय हलायचा थांबला.

तळवसे तसं चुगलखोर गाव, हे आम्हीच कबूल करतो. पण त्या चाळीस मिनिटांची गोष्ट केरबाला कुणी सांगितली नाही. तान्हुबाईनं घरोघर बांगड्या भरताना बायकांना बजावलं होतं. भैरूची शपथ मोडली होती, तेव्हा तो पुन्हा थेटराकडं फिरकला नाही. बापाची हातोडी काढून तांब्याची घंगाळं ठोकत बसला. बाहेरून एक ऑपरेटर आणला, त्याच्या हातून पडद्यावर उजेडापेक्षा काळोखच जास्त पडायचा. तरी कुणी शिट्टी मारत नव्हतं. दिवसभर ठोकूनही भैरूला झोप नव्हती. धाकटा भाऊ समोर कुबडीवर चालायचा आणि थोरला मान वर करत नव्हता.

तीन महिने झाले. एका दुपारी केरबा कुबडी टेकत भैरूसमोर येऊन बसला आणि म्हणाला, "दादा, ती गोष्ट पुरी कर की."

"कुठली?"

"हिरो विहिरीत उतरला हुता. पुढं तू गप झालास."

भैरूच्या हातातली हातोडी तशीच राहिली. "तुला कुणी सांगितलं?"

"सांगाय कशाला पायजे? ऐकत हुतो. भोंगा घाटाकडंच तोंड करून हाय. आनि सगळी चुकीची सांगत हुतास. त्यात विहीर न्हाईच."

भैरूनं तोंड झाकून घेतलं. मग त्यानं विचारलं, "मग हाक का मारली न्हाईस?"

"मारली की. लई मारल्या. वाटायचं, आता दादा दम घेईल, तवर एक हाक जाईल. पर तू दमच घेत नव्हतास." केरबा शांतपणे बोलत होता, तक्रार करणाऱ्यासारखं नाही. "तुझ्या बोलन्यावरच जागा र्‍हायलो, हे बी खरं हाय. झोप लागली असती तर सपलो हुतो."

भैरू रडला. मोठा माणूस रडतो तसा, आवाज न करता. म्हणाला, "म्या आता मशीन लावनार न्हाई. शपथ मोडलीया."

"मशिनीची शपथ मोडलीस, ती मशीन बघून घेईल," केरबा म्हणाला. "तू आता माझी शपथ घे. रोज खेळात एकदा गप बसायचं. भोंगा बंद, पंखं बंद, लोकं बी गप. घाटावनं कुणी हाक मारली तर आपल्याला ऐकू आली पायजे."

भैरूनं भावाच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली आणि दुसऱ्या दिवशी तीनच्या खेळाला केबिनमध्ये चढला. केरबाला थेटराच्या मालकानं दारावर बसवलं होतं. मध्यंतर झालं. आता दुसरा माणूस आणायचा ते डबे येऊन पडले होते, रीळ लावून तयार होतं. भैरूनं सगळं बंद केलं. मागच्या खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि तो ऐकत राहिला. सारं थेटर त्याच्याबरोबर ऐकत होतं. एक मिनिट गेलं, दोन गेली, पाच गेली. घाटावर वाऱ्याशिवाय काही नव्हतं. पण भैरूचे हात मशीनकडं वळेनात. आणखी एक क्षण थांबलो तर हाक येईल, असं त्याला वाटत राहिलं. खाली लोक माना वळवून केबिनकडं बघत होते. 

तेव्हा दारावरून केरबाचा आवाज आला. "आलोय, दादा. लाव."

मग भैरूनं मशीन लावलं.

पुढं वीस वर्षं दोघं थेटरात होते. एकही खेळ असा झाला नाही की भैरू ऐकल्याशिवाय पुढं गेला, आणि एकही असा नाही की केरबाच्या शब्दाशिवाय त्याचे हात हलले. वय झालं तरी त्याचं मन त्या पाच मिनिटांत कधी स्थिरावलं नाही, असं म्हातारी माणसं सांगतात. आता दोघंही नाहीत. डबे गेले, कार्बन गेला, सिनेमा आभाळातून उतरतो आणि एक पोरसवदा मुलगी केबिनमध्ये दोन कळा दाबून तो लावते. घाटात बोगदा झाला, तेव्हापासून वरच्या रस्त्यानं कुणी जात नाही.

तरी आजही मध्यंतरानंतर तळवशाचं थेटर गप्प बसतं आणि दारं उघडून घाटाकडं कान देतं. ती मुलगी खिडकीशी जाऊन उभी राहते. दारावरचा माणूस साठीचा आहे, तिच्या आजोबाच्या वयाचा. तो खालून तिला म्हणतो, "आलोय, दादा. लाव." कुणी हसत नाही. मग दिवे मालवतात.