भागरथाबाईचा आवाज

“सुरू होत नाही म्हणजे नेमकं काय होत नाही?” भन्तेंनी विचारलं.

नागदीप कॉम्प्युटरकडे तोंड करून बसला होता. तो वळला नाही.

“काळा पडदा येतो, भन्ते. त्यावर एक ओळ आणि पुढे लुकलुकणारी एक खूण. बस्स.”

“पूर्वी काय यायचं?”

“यात दोन सिस्टीम आहेत ना... एक जुनी, तुमची. एक नवी, मी घातलेली. बटण दाबलं की पूर्वी विचारायचा, कुठल्या घरात जायचंय.”

“आणि आता?”

“आता काहीच विचारत नाही.”

भन्ते शीलरक्षित भिंत चाचपत आले आणि चटईवर टेकले. मोतीबिंदूने त्यांची दृष्टी जवळजवळ गेलीच होती.

भंडाऱ्याकडच्या एका टेकडीवरचं हे विहार लहानसंच. खाली चहूकडे धानाची शेतं. डोळे धड होते तोवर भन्ते गावोगाव पायी हिंडले, म्हाताऱ्या बायांच्या ओसरीवर बसले आणि त्यांची गाणी भरून आणली. धानाची लावणी करताना म्हणायची रोवण्याची गाणी, पाळणे, चळवळीतली गाणी. त्यातल्या बहुतेक जणी आता नव्हत्या. त्यांचे आवाज तेवढे या कॉम्प्युटरच्या जुन्या सिस्टीममध्ये होते.

नागदीप हा पुण्यातली चांगली नोकरी सोडून चीवर घेतलेला श्रामणेर, शिकाऊ भिक्खू. केस उतरले, पगार सुटला, बूट सुटले. यंत्र आपल्या शब्दाबाहेर नाही, हा तोरा मात्र सुटला नव्हता. आल्या आल्या त्याने त्या जुन्या कॉम्प्युटरात दुसरी सिस्टीम घातली. जुन्याला काही होणार नाही ना, असं उपासकांनी भीत भीत विचारलं होतं. तो हसला होता. “एका घरात दोन बिऱ्हाडं सुखाने नांदतील. मी आहे ना.”

मग नव्या बिऱ्हाडाला जागा पुरेना. जुन्याची थोडी जागा काढून नव्याला द्यायला त्याने घेतली, आणि काम अर्ध्यावर असताना वीज गेली.

त्याने कोणाला सांगितलं नाही. दार लोटून घेऊन तो दुरुस्ती करत बसला. एक उपाय, मग दुसरा, मग पहिलाच पुन्हा. जेवणाची घंटा त्याला ऐकू येईनाशी झाली.

आणि आज सकाळी निरोप आला. नदीपलीकडच्या गावातली भागरथाबाई नंदेश्वर वारली. तिची लेक पुस्तकला मायच्या नावाने होणाऱ्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी विहारात येणार होती. मायचं रोवण्याचं गाणं भन्तेंनी भरून नेलं होतं, हे तिला माहीत होतं. ते तिला सगळ्यांसमोर लावायचं होतं.

तेव्हा कुठे नागदीपला तोंड उघडावं लागलं.

“दुसरीकडे कुठे उतरवून ठेवलं होतंस?” भन्तेंनी विचारलं.

“ठेवणार होतो.”

“हं...”

बाहेर कुणीतरी अंगण झाडत होतं. खराट्याचा आवाज आत येत राहिला.

“समोरचं दार उघडत नाही,” भन्ते म्हणाले. “मागून शिरायला वाट नाही?”

वाट होती. पहिल्या दिवसापासून नागदीपला ती माहीत होती. पेनड्राइव्हवर एक अख्खी सिस्टीम ठेवायची, कॉम्प्युटर तिच्यावर चालवायचा, आतल्या डिस्कमध्ये काहीही न लिहिता फक्त वाचायचं आणि सापडेल ते बाहेर उतरवून घ्यायचं. पुण्यात त्याने हे कितीतरी जणांना शिकवलं होतं.

“आहे,” तो म्हणाला.

“मग?”

“तसं केलं तर हे सगळं पुसून नव्याने मांडावं लागेल, भन्ते. मला ते होतं तसं उभं करायचंय. कोणाला काही झालं होतं असं कळणारसुद्धा नाही. एकदाच बघू द्या. शेवटचं.”

भन्ते हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत.

नागदीपने त्याचा अर्थ आपल्या सोयीने लावला. दुरुस्ती सुरू झाली. पडद्यावर प्रश्न आला, बदल डिस्कवर लिहायचे का? हो की नाही?

त्याने हो दाबलं.

बराच वेळ काहीतरी भरभर सरकत राहिलं. मग थांबलं. पुन्हा तोच काळा पडदा, तीच खूण.

“झालं?” भन्तेंनी विचारलं.

“नाही झालं. पण आता माझ्या लक्षात आलंय कुठे चुकतंय ते. आणखी एकदा...”

भन्ते उठले. टेबलाच्या कडेवरून, तिथून वायरीवरून त्यांचा हात सरकत सरकत भिंतीपर्यंत गेला. त्यांनी पिन उपटली आणि वायर नागदीपच्या मांडीवर ठेवली.

“आत माणसं आहेत, नागदीप,” ते म्हणाले. “आणि तू कुलूप दुरुस्त करतोयस.”

नागदीपच्या कानशिलांवर रक्त चढलं. ज्यांना साधा ईमेल उघडता येत नाही त्यांनी आपल्याला... असं काहीसं त्याच्या मनात आलं. वायर मांडीवर होती. ती उचलायला हात धजेना.

दुपारी त्याने पेनड्राइव्ह लावला.

जुन्या सिस्टीमचं घर पडलं होतं, तरी आतली पुष्कळ भांडी शाबूत होती. फाइली होत्या, पण त्यांची नावं गेली होती. नुसते आकडे उरले होते. कोणती कोणाची, हे ऐकल्याशिवाय कळणार नव्हतं. एक एक फाइल बाहेरच्या डिस्कवर उतरवत, एक एक उघडत तो ऐकत बसला.

असं त्याने आजवर कधी ऐकलं नव्हतं. त्याच्या लेखी त्या फाइली होत्या, अमुक इतक्या आकाराच्या. आता कोणी खोकत होती. कोणी मध्येच हसत होती, कडवं विसरून सुनेला विचारत होती. एकीच्या मागे बकरी ओरडत होती. काही फाइली उघडत आणि आत नुसती खरखर असे. त्या कोणाच्या, ते आता कोणालाच कळणार नव्हतं.

भागरथाबाई सापडली ती सगळ्यात शेवटी.

त्याने ती फाइल ऐकली. पुन्हा ऐकली. मग कानावरचे हेडफोन काढून ठेवले आणि दोन्ही हातांत डोकं धरून बसला.

पुस्तकला आली ती नवऱ्याबरोबर, पांढरं लुगडं नेसून. वंदना झाली, परित्राणपाठ झाला. गावातली चार माणसं मागे बसली होती.

नागदीप भन्तेंच्या कानाशी वाकला. “भन्ते, तुम्ही सांगाल का तिला?”

“तू सांग.”

तो उठून पुस्तकलाच्या समोर जाऊन बसला. सांगायचं सोडून त्याच्या तोंडून काहीतरी भलतंच निघू लागलं, वीज कशी गेली, डिस्क किती जुनी होती. पुस्तकला त्याच्याकडे बघत राहिली. मग तो थांबला.

“पूर्ण नाही राहिलं, ताई. थोडंच आहे.”

“जेवढं असंल तेवढं लावा जी.”

त्याने लावलं.

आधी खरखर. मग एक घोगरा, ठसठशीत आवाज सभागृहात आला.

“हे चालू झालं का जी भन्तेजी? लाल दिवा लागला? ... थांबा, पान थुकून येतो.”

मागे कोणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं.

पावलं दूर गेली. पावलं जवळ आली. आणि मग तो आवाज तोंड वळवून घराच्या आत कोणालातरी हाक मारू लागला.

“पुस्तकला! कोंबड्या डालल्या का वं?”

“डालल्या वं माय,” समोर बसलेली पुस्तकला म्हणाली.

आणि तिने तोंडावर पदर धरला.

स्पीकरमधून भागरथाबाईने घसा साफ केला. पहिला सूर लागला, लागतो न लागतो तोच खरखर आली. खरखर वाढत गेली. मग काही नाही.

पुस्तकलाने तोंडावरचा पदर काढला.

“गानं?” पुस्तकलाने विचारलं.

“गेलं.” नागदीपचा आवाज त्याला स्वतःलाच परका वाटला. “माझ्या हातून. वीज गेली तेव्हा गेलं, की मी नंतर खटाटोप केला त्यात गेलं, हे मला सांगता येणार नाही. पण आधी बाहेर काढून ठेवायला हवं होतं. मला ते येत होतं. मी केलं नाही.”

तिने रागवावं, असं त्याला फार वाटलं. ती रागावली नाही. माफही केलं नाही.

“गानं येते मले,” ती म्हणाली. “पुरं येते. तिचा गळा नाही ना येत...”

नागदीपने दिलेला पेनड्राइव्ह तिने रुमालाच्या टोकात बांधला, कमरेला खोचला. भन्तेंना वंदन केलं. नवऱ्यामागून टेकडी उतरून गेली.

त्यानंतर नागदीप कित्येक दिवस त्या फाइली घेऊन बसला. वाचलेल्या सगळ्या आवाजांना त्याने एकेक करून नावं दिली. जिथे नाव कळेना तिथे भन्तेंना ऐकवलं. भन्ते डोळे मिटून ऐकत आणि सांगत, ही अमक्याची आई, ही त्या वळणावरच्या घरातली. काही वेळा त्यांनाही आठवत नसे. तेव्हा दोघंही नुसतेच ऐकत.

मग एका संध्याकाळी तो भन्तेंपाशी येऊन बसला. त्याच्या चेहऱ्यावर बऱ्याच दिवसांनी थोडं तेज होतं.

“भन्ते, कॉम्प्युटर पूर्ण पुसला. आता नव्याने मांडतो. या वेळी मी सगळा विचार केलाय. अशी सिस्टीम बसवतो, की ती कधी म्हणजे कधीच बंद पडणार नाही.”

भन्तेंनी टेकडीखाली कान दिला.

खालच्या शेतांवर अंधार उतरत होता. रोवणा करून बाया बांधावरून घरी निघाल्या होत्या. कोणी गात नव्हतं.

“बसवू ना, भन्ते?”

“तशी नको रे...” भन्ते म्हणाले. “बंद पडणारी बसव. म्हणजे आतली माणसं आधी बाहेर काढून ठेवशील.”