टाच आपटायचा कातळ

माळावर फक्त सशांचंच राज्य होतं, तेव्हाची ही गोष्ट. त्यांच्यात एक रीत होती. रोज धावायला निघण्याआधी प्रत्येक पिल्लानं काळ्या कातळावर वीस वेळा टाच आपटायची. ज्याचा आवाज मोठा, तो शूर.

लवंगी सगळ्यांत वेगानं धावायची. पण महिनाभरात तिची टाच सुजली, पाय टेकला की कळ यायची. एका सकाळी ती कातळावर चढली आणि नुसतीच उभी राहिली.

"आपट की!" कातळावर बसलेले म्होरके गोंडाजी ओरडले.

"नाही आपटणार. दुखतंय."

"दुखल्यावरच टाच टणक होते."

"माझं हाड अजून वाढतंय, आजोबा. कोवळ्या कोंबावर कुणी रोज दगड मारतं का?"

गोंडाजी भडकले. "एक पावसाळा धड पाहिला नाहीस आणि आम्हाला शिकवतेस? आम्ही जन्मभर टाचा आपटल्या. आम्हाला काय झालं?"

"मग उठा आणि मला पकडून दाखवा. मी लंगडी आहे, फार लांब जाणार नाही."

गोंडाजी तावातावानं उठले. पाय टेकला आणि कळवळून तसेच खाली बसले. कुणी आधार दिल्याशिवाय ते कातळावरून कधी उतरतच नाहीत, हे पिल्लांच्या आत्ता ध्यानात आलं.

लवंगी लंगडत गवतात उतरली. तिच्यामागून एकेक करत सगळी पिल्लं उतरली. त्या सकाळी कातळ गप्प राहिला.

बऱ्याच वेळानं वरून हाक आली, "पोरी, मलाही खाली घे गं. गवत मऊ आहे ना?"