झिपरूचा सरळ ग्लास

वडावर वटवाघळांची रसवंती होती, तेव्हाची ही गोष्ट. सगळे कामगार उलटे लटकून ग्लासही उलटाच धरायचे. गिऱ्हाइकं खाली तोंड वासून उभी राहायची. झिपरूला मात्र उलटं लटकलं की चक्कर यायची, म्हणून तो फांदीवर सरळ बसून भरलेला ग्लास पुढे करायचा.

मालक लोंबकळराव भडकले. “असलं आजारी वटवाघूळ दुकानात नको! उद्यापासून येऊ नकोस.”

“मालक, माझ्या हातून थेंब तरी सांडलाय का?”

“तेच तर! आपल्या दुकानात असं कधी झालं नव्हतं.”

झिपरूने नाइलाजाने शेजारच्या आंब्यावर स्वतःचा चरक मांडला. दुपारपर्यंत सगळी गिऱ्हाइकं तिथे बसून सरळ ग्लासातून रस पिऊ लागली.

लोंबकळराव उलटे लटकूनच ओरडले, “सांगत नव्हतो? गिऱ्हाइकांनाही लागण झाली!”