सागाच्या छापाची फळी

“माझ्या कडेला हात लावलास तर बघ!” सागाच्या छापाची फळी ओरडली.

वर लाकडाच्या छापाचा कागद चिकटवलेल्या, जमिनीवर अंथरायच्या फळ्या कारखान्यात बोलत असत, तेव्हाची ही गोष्ट. यंत्रातली म्हातारी सुरी प्रत्येक फळीची कड उतरती तासायची, मग कडेला रंग लागायचा. ही एकटीच अडून बसली. घमेंड तर अशी, की खऱ्या सागालाही नसेल!

“का गं बाई, दुखतं का?” शेजारच्या शिसवी छापाच्या फळीनं विचारलं. तिची रंगवलेली कड नुकतीच वाळत होती.

“दुखायचं काय त्यात? वरचा कागद कापला की आतला भुसा दिसतो. मी सागाची म्हणून मिरवते, माझी अब्रू जाईल!”

“भुसा माझ्यातही आहे. दिसतोय का कुठं, सांग!”

“तुझं तू बघ. मी अशीच दिवाणखान्यात जाणार, कोऱ्या कडेची!”

सुरी इतका वेळ ऐकत होती. अंगावरचा भुसा झटकून ती म्हणाली, “जा की, पण तुझी ही धारदार कड मी तासली नाही तर पहिली ओढलेली खुर्चीच तिचा टवका उडवेल, आणि खुर्चीजवळ काही रंगाचा डबा नसतो.”