पंधरा बायका उसन्या

सन एकोणीसशे नव्व्याण्णव. पौष सरत आलेला. हरभरा घाट्यावर होता आणि सकाळी बोलताना तोंडातून वाफ निघत होती. त्या थंडीत तांबखडी नावाच्या गावात एक भोळा गृहस्थ राहत होता. नाव केरबा. अंगानं धट्टाकट्टा, कामाला वाघ, व्यसन नाही. खोड एकच. सांगितलेलं तो करायचा. तेवढंच करायचा आणि तसंच करायचा.

त्याची बायको हौसा. हुशार बाई. तिनं घरी डबे विकायचं काम घेतलं होतं. प्लास्टिकचे डबे, दाबून बसणाऱ्या झाकणाचे. पाणी भरून उलटा धरला तरी थेंब सांडायचा नाही. तालुक्याच्या रणपिसेबाईंनी तिला नमुन्याच्या डब्यांची पेटी दिली होती. रीत अशी, की गावातल्या बायकांना घरी बोलवायचं, चहा पाजायचा, डबे दाखवायचे आणि कुणाला काय हवं ते लिहून घ्यायचं.

लग्न होऊन बारा वर्षं झाली होती. घरातला तवा सासूचा, पाटा आजेसासूचा. हौसाच्या हातात स्वतःचं म्हणावं असं पहिल्यांदा काही आलं होतं. ती पेटी रोज पुसायची.

पहिल्या बैठकीला तिनं पंधरा जणींचा चहा टाकला. साखर कमी पडली म्हणून शेजारच्या शेवंतावहिनींकडून वाटीभर उसनी आणली. बायका आल्या दोन. त्यातली एक केरबाची चुलती. तिला ऐकू येत नव्हतं.

"एवढा चहा," हौसा रडवेली होऊन म्हणाली. "वाया जाऊ देऊ नका हो."

केरबानं वाया जाऊ दिला नाही. उरलेला सगळा प्याला.

रणपिसेबाई म्हणाल्या, "हौसाबाई, पाणवठ्यावर सांगून बायका येत नसतात. घरोघरी जाऊन सांगावं लागतं."

हौसाला दळण होतं, जनावरं होती. तिनं केरबाला धाडलं.

"प्रत्येक दार वाजवा. जो उघडेल त्याला सांगा, दुपारी आमच्याकडं चहाला या."

"बरं," केरबा म्हणाला.

त्यानं प्रत्येक दार वाजवलं. देवळाचं वाजवलं, शाळेचं वाजवलं. तलाठ्याच्या कचेरीला कुलूप होतं, तर तिथं कुलपाला सांगून आला. भर दिवसा गावातल्या बायका रानात असतात. दार उघडायला घरी असतात ते म्हातारे.

दुपारी अकरा म्हातारे आले. काठ्या भिंतीला टेकवून सतरंजीवर बसले. दौलतनानांनी घसा खाकरून विचारलं, "पंचायत कशाबद्दल आहे?"

रणपिसेबाईंनी काय करावं? त्यांनी डब्यात पाणी भरलं आणि उलटा धरून दाखवला.

"सांडत नाही ते कळलं," नाना म्हणाले. "पण मग प्यायचं कसं?"

"नाना, झाकण उघडून."

"मग सांडेल की."

यावर म्हाताऱ्यांची बराच वेळ चर्चा झाली. चहा झाला. एकानं डब्यात तंबाखू भरून पाहिली आणि चांगली राहते असं सांगितलं. मागणी कुणीच नोंदवली नाही. सगळे उठून गेले.

रणपिसेबाईंचा चेहरा उतरला. त्या म्हणाल्या, "हौसाबाई, मलाही वर जाब द्यावा लागतो. रथसप्तमीला शेवटची बैठक. पंधरा बायका बसल्या पाहिजेत. नाही बसल्या तर पेटी शेवंताबाईंकडं जाईल. त्यांनी मागून ठेवलीय."

हौसानं पेटी जवळ ओढली. बाई गेल्यावर ती केरबाला म्हणाली, "अहो, बापयांना नव्हतं बोलवायचं. बाई दिसली की सांगायचं. आणि नुसतं सांगायचं नाही, आग्रह करायचा. नाही म्हणाली तरी वाट सोडायची नाही."

"मग आधी तसं सांगायचं होतंस. आता तसं करीन."

आणि त्यानं केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला वाटेत नर्सबाई दिसल्या. सायकलवरून घाईघाईनं चालल्या होत्या. केरबा वाटेत आडवा उभा राहिला.

"रथसप्तमीला आमच्याकडं या."

"बाजूला व्हा केरबा, ढमाळांची सून अडलीय!"

"तिलाही घेऊन या."

"अहो, बाळंत होतेय ती!"

"झाली की या. दोघी या. हो म्हणा, मग जा."

नर्सबाईंनी कपाळावर हात मारला आणि हो म्हणाल्या. त्या पोचेपर्यंत बाळ आलेलं होतं आणि रडत होतं. सुईणीनं सगळं नीट केलं होतं. पण ढमाळांची भावकी मोठी. त्या आळीतली एकही बाई हौसाच्या दारात येणार नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं.

हौसानं डोकं धरलं. "अहो, कामात असलेल्या बाईला अडवायचं नसतं. गप उभं राहायचं. तिचं काम आवरलं की मग तोंड उघडायचं. कळलं? आता ही साखर शेवंतावहिनींना नेऊन द्या."

"कळलं," केरबा म्हणाला. वाटी घेऊन गेला.

शेवंतावहिनी पाठमोऱ्या बसून गहू निवडत होत्या. मागं चुलीवर दुधाचं पातेलं होतं. दूध वर आलं. केरबानं पाहिलं. दूध काठावर आलं. केरबा गप. दूध चुलीत गेलं, राखेत गेलं, पार उंबऱ्यापर्यंत आलं. केरबानं पाय तेवढे उचलून घेतले. गहू निवडून झाले तेव्हा वहिनींनी मागं पाहिलं.

"अगं बाई! भावजी, कधीपासून उभे आहात?"

"दूध पातेल्यात होतं तेव्हापासून."

"मग ओरडायला काय झालं होतं?"

"तुम्ही कामात होता."

"जा बघू घरी! आत्ताच्या आत्ता जा!"

जा म्हणाल्या, म्हणून केरबा गेला. वाटी हातातच राहिली.

हौसा म्हणाली, "देवा! अहो, दूध उतू जाताना दिसलं की कुणाची वाट बघायची नाही. धावत जायचं, पातेलं उतरवायचं आणि घरात नेऊन ठेवायचं. मग ती बाई काही का म्हणेना."

"आता ध्यानात ठेवीन."

त्यानं ठेवलं. आणि तिसऱ्या दिवशी रथसप्तमी उजाडली.

रथसप्तमीला काय करतात ते सगळ्यांना ठाऊक आहे. अंगणात रांगोळीचा सूर्य काढतात. गोवऱ्या पेटवून त्यावर बोळक्यात दूध ठेवतात आणि ते मुद्दाम उतू घालवतात. ज्या दिशेला दूध उतू जाईल त्या दिशेला बरकत. सारं घर हात जोडून बघत उभं असतं.

केरबा सकाळी बाहेर पडला. पाहतो तर दारोदारी दूध उतू चाललेलं आणि बायका नुसत्या हात जोडून उभ्या. त्याच्या जिवाची कालवाकालव झाली. तो धावला. पहिल्या अंगणातलं बोळकं उतरवलं, घरात नेऊन ठेवलं. दुसऱ्या अंगणात धावला. हात भाजले तरी थांबला नाही. मागून बायका ओरडत होत्या.

"अहो, ठेवा ते! दूध सूर्याला आहे!"

"सूर्याला गार करून द्या," केरबा म्हणाला आणि पुढच्या अंगणात गेला.

अख्ख्या आळीची बरकत त्यानं गोवऱ्यांवरून खाली उतरवली.

हौसाला हे पाणवठ्यावर कळलं. घरी येऊन ती भिंतीला टेकून बसली. या खेपेला तिनं त्याला काही शिकवलंसुद्धा नाही. खाली बघत म्हणाली, "ढमाळांच्या येणार नाहीत. आळीतल्या येणार नाहीत. बाई दुपारच्या गाडीनं येतील आणि पेटी उचलून शेवंतावहिनींकडं ठेवतील. घरात साखर नसली तर शेजारी उसनी मागता येते. बायका कुठून मागू?"

केरबाला वाईट वाटलं. त्याचं बायकोवर फार प्रेम होतं. तो विचार करू लागला. त्याला वेळ लागत असे.

तेवढ्यात हौसाला कोनाड्यातली साखरेची वाटी दिसली. ती उठली. "ही अजून इथंच? अहो, उसनं घरात ठेवू नये. दिवेलागणीला पोचतं करायचं. आणि बरोबरीनं द्यायचं नाही, घेतलं त्यापेक्षा मूठभर जास्त द्यायचं. शीग लावून. कुणी मधे काही बोललं तरी थांबायचं नाही." तिनं वाटीवर मूठभर साखर घातली. शीग वाटेत सांडू नये म्हणून ती सगळी साखर पेटीतल्या एका डब्यात भरली आणि झाकण दाबलं. "एवढं तरी नीट करा."

"करीन," केरबा म्हणाला. दिवेलागण व्हायची होती, म्हणून साखरेचा डबा त्यानं पेटीतच ठेवला.

दुपार कलली. रणपिसेबाई आल्या. सतरंजीवर बहिरी चुलती एकटी बसली होती. बाईंनी पेटीकडं पाहिलं आणि सुस्कारा सोडला.

भिंतीपलीकडं मात्र बांगड्या वाजत होत्या. शेवंतावहिनींकडं हळदीकुंकू होतं. रथसप्तमी म्हणजे हळदीकुंकवाचा शेवटचा दिवस. सगळं गाव तिथं लोटलं होतं. केरबा उठला आणि त्यांच्या दारात जाऊन उभा राहिला.

"वहिनी, पंधरा बायका उसन्या द्या."

 घरात हशा उसळला. दौलतनानांची बायको डोळे पुसत म्हणाली, "सकाळी दूध उचललं, आता बायका उचलायला आलाय!"

"कशाला हव्यात?" वहिनींनी विचारलं.

"हौसा रडतेय. आमच्याकडच्या संपल्या."

आता कुणी हसलं नाही. शेवंतावहिनींना पेटी हवी होती, हे खरं. पण त्यांच्या घरून उसनं मागणारा आजवर रिकाम्या हातानं गेला नव्हता. सगळ्या गावादेखत नाही कसं म्हणणार? त्या म्हणाल्या, "न्या. पण वाण द्यायचंय अजून. परत आणून घालायच्या, सांगून ठेवते."

"घालीन की. उसनं आहे."

केरबानं एकेक मोजून पंधरा घेतल्या. वहिनींचा शब्द मोडवेना, म्हणून ढमाळांच्या चौघीही निघाल्या. हौसानं दारात बायकांची रांग पाहिली आणि पेटी सतरंजीच्या मधोमध आणून ठेवली. सतरंजी भरली. रणपिसेबाईंना जोर चढला. डबा पाण्यानं भरला, उलटा केला. प्रत्येकीनं हातात घेऊन हलवून पाहिला. ढमाळांची थोरली म्हणाली, "मला लोणच्याला दोन." दुसरी म्हणाली, "मला पिठाला मोठा." सगळ्या एकदम बोलू लागल्या.

"थांबा, थांबा," बाई हसत म्हणाल्या. "एकेकीचं नाव लिहून घेते. हौसाबाई, नावं लिहून झाली की पेटी तुमची."

हौसाला हसू आवरेना. ती लगबगीनं चहा आणायला आत गेली.

रणपिसेबाईंनी पेन्सिलीला टोक केलं. बाहेर सूर्य टेकला. शेजारी तुळशीपाशी दिवा लागला. तो केरबाला दिसला.

तो उठून उभा राहिला. "चला. दिवा लागला."

"अगं बाई, वाण राहिलंय की," म्हणत बायका उठल्या.

"अहो, नावं राहिलीत!" रणपिसेबाई ओरडल्या. "दोन मिनिटं थांबा!"

मधे कुणी बोललं तरी थांबायचं नव्हतं. केरबा थांबला नाही. साखरेचा डबा पेटीत होता, म्हणून त्यानं पेटी डोक्यावर घेतली. मग त्यानं बायका मोजल्या. बरोबर पंधरा. बरोबरीनं द्यायचं नसतं. त्यानं इकडं तिकडं पाहिलं.

"बाई, तुम्हीपण चला."

"मी कशाला? पेटी खाली ठेवा! कुठं चालवलीत माझी पेटी?"

केरबा निघाला. पेटीमागं रणपिसेबाई धावल्या.

हौसा परातीत चहाचे कप मांडून बाहेर आली. सतरंजीवर चुलती एकटी बसली होती. तिनं विचारलं, "अगं, सुरू कधी होणार?"

पलीकडं केरबानं बायका एकेक करून शेवंतावहिनींच्या ओसरीत मोजून घातल्या. वहिनींनीही मोजल्या.

"पंधरा नेल्या होत्या भावजी. ह्या सोळा आहेत. ही कोण?"

"वरची मूठ," केरबा म्हणाला.

मग त्यानं पेटी वहिनींच्या पुढ्यात उतरवली आणि डब्याचं झाकण उघडलं. आत साखर होती. वाटीभर आणि वर शीग.

उसनं फिटलं.