बोटाबोटाने वर चढलेली रेष

खाडीकाठच्या एका गावात माणसांना पलीकडे नेणारी एकच नाव होती, भिवा तांडेलाची. एके वर्षी ती भरगच्च भरली, उलटली आणि माणसं बुडाली. तेव्हा राजाने नावेच्या कुशीवर तांबडी रेष ओढायला लावली. रेष पाण्याखाली गेली की नाव सोडायची नाही. लक्ष ठेवायला धक्क्यावर पहारेकरी नेमला. तो दुपारचा भिवाकडेच जेवायचा, त्यामुळे त्याची नजर ताटापलीकडे फारशी गेली नाही.

तो थकल्यावर त्याच्या जागी भिवाची पुतणी द्वारका आली. घरचीच पोर, म्हणून गावची जाणती मंडळी निर्धास्त होती.

देवीच्या जत्रेदिवशी सकाळी, ओहोटीला, नाव चिखलात कलंडली होती. रेषेखालच्या रंगाचे पोपडे सुटले होते. द्वारकेने नखाने एक पोपडा काढला. आत आणखी एक तांबडी रेष. तिच्याखाली आणखी एक. ती खरवडत गेली. सर्वांत जुनी रेष आताच्या रेषेच्या हातभर खाली निघाली.

तिने काकाला विचारलं. त्याला लपवण्यासारखं काही वाटलंच नाही. दर नारळी पुनवेला नाव नव्याने रंगवायची रीत होती. रंगवताना कोणी ना कोणी जाणता म्हणायचा, यंदा माणसं वाढली, रेष बोटभर वर घे. बोटभराने काय होतं, असं सगळ्यांनाच वाटे.

भरती आली. खाडीच्या मुखाकडून वारा सुटला होता. नाव भरू लागली. नारळांची पोती, कोंबड्या, लेकुरवाळ्या बाया. द्वारकेची आईही देवीची ओटी घेऊन मधोमध बसली. पाणी जुन्या रेषा एकेक करून गिळत वर आलं आणि आताच्या रेषेखाली जेमतेम थांबलं.

"रेष कोरडी आहे गो," भिवा म्हणाला. "दोर सोड."

द्वारकेने दोराला खुंटाभोवती आणखी एक वेढा दिला. "काका, खरी रेष बुडाली आहे. माणसं उतरवा."

नावेतल्या जाणत्यांचा गलका उठला. कालपर्यंत झोळीत झोपणारी आज आम्हाला पाणी शिकवते, असं एकाने ऐकवलं. दुसऱ्याने विचारलं, तू देवीपेक्षा मोठी का? भिवा मात्र खालच्या आवाजात बोलला. "आज अडवलंस तर माझ्या उंबऱ्याला पाय लावू नकोस."

वडील गेल्यावर तिला त्याच उंबऱ्याआड आसरा मिळाला होता. ती दोरावरच बसली.

"नाही लावत," ती म्हणाली. "पण तुम्ही त्या उंबऱ्याशी परत यायला हवेत."

आई उठली आणि ओटी सांभाळत खाली उतरली. मग तिच्या शेजारच्या बाया उतरल्या. जाणते पुटपुटत मागोमाग आले. सर्वांत जुनी रेष पाण्यावर दिसेपर्यंत द्वारका हलली नाही.

उरलेल्यांना घेऊन नाव निघाली. मुखाशी वाऱ्याने तिला आडवं धरलं. लाट उठली, नाव कलली, पाणी काठापर्यंत चढलं. ओंजळभर पाणी आत सांडलं आणि लाट मागे हटली. नाव आणखी हातभर खोल असती, तर ती लाट सगळ्यांना घेऊन गेली असती.

भिवा परतला. त्याने सुताराला बोलावलं आणि ती जुनी रेष पटाशीने लाकडात कोरून घेतली.

संध्याकाळी तो पहारेकऱ्याच्या खोपीशी आला. द्वारका आईला घेऊन तिथेच राहायला गेली होती.

"चल घरी," तो म्हणाला. "ताट वाढलंय."

द्वारकेचे डोळे भरून आले, पण ती उठली नाही.

"येईन, काका. या धक्क्यावर दुसरा पहारेकरी आला की येईन."

तात्पर्य: ज्याने नियम पाळायचा, त्याच्याच हाती रंगाचा कुंचला दिला तर नियम बोटाबोटाने सरकत जातो, माणसं वाचवायची असतील तर रेष पक्की कोरावी, आणि ती राखणारा कोणाच्या ताटाचा मिंधा नसावा.